टनाचा दर आणि घराचा खर्च

मजुरीवर जगणाऱ्या घराची ओढाताण दोन कारणांनी होते. हातात येणारा पैसा गरजेपेक्षा कमी असतो, आणि जो येतो तो गरजेच्या वेळी येत नाही. पोटाला रोज लागते, किराणा आठवड्याला भरावा लागतो, दवाखाना वेळकाळ पाहत नाही. मजुरी मात्र हंगामाची. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या तलवाडा आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांच्या पट्ट्यात ही दोन्ही कारणे एकाच व्यवहारात गुंतलेली दिसतात. तो व्यवहार म्हणजे ऊसतोडणी.

तलवाडा ओळखले जाते ते त्वरिता देवीच्या देवस्थानामुळे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे जातो. कालव्याचे पाणी जिथे पोचते तिथे ऊस उभा राहतो. तालुक्यात गढीला जयभवानी सहकारी साखर कारखानाही आहे. पाणी पोचत नाही तिथे कापूस, बाजरी, तूर, सोयाबीन, आणि सगळा भरवसा पावसावर. दोन-तीन एकर कोरडवाहूवर पाच माणसांचे घर वर्षभर चालत नाही. ज्यांना तेवढीही जमीन नाही त्यांना मोलमजुरीशिवाय दुसरे काही नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला या भागातली कर्ती माणसे बिऱ्हाड बांधतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडे, काही थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की परततात. १९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतराला जोर आला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले तशी मराठवाड्यातून जाणाऱ्या टोळ्यांची संख्याही वाढत गेली. आज राज्यात ऊसतोड कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठा बीड जिल्ह्यातून होतो.

ऊसतोडीचा हिशेब माणशी होत नाही, कोयत्याने होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मजुरी टनावर. पहाटे चार-साडेचारला कोपीपुढे, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपुढे, चूल पेटते, दिवसभराच्या भाकरी थापून फडक्यात बांधल्या जातात आणि उजाडायच्या आत दोघे फडात उतरतात. पुरुष बुडख्यापासून ऊस तोडून पाचट सोलत पुढे सरकतो. बाई वाढे छाटते, ऊस गोळा करते, मोळ्या बांधते. गाडी लागली की मोळी डोक्यावर घेऊन, ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढायचे. गाडी रात्री दहाला आली तर भरणी रात्री दहाला. एक मोळी दहा-पंधरा किलोची धरली तर टनाला सत्तर ते शंभर मोळ्या होतात, दोन टनांना दीडशे-दोनशे. दिवसाला दोन टन हे एका कोयत्याचे बरे काम मानले जाते. ऊस दाट, सरळ आणि गाडी वेळेवर असेल तर जास्त होते, पडलेला किंवा खुरटा ऊस वाट्याला आला तर तेवढेही होत नाही.

टनाला किती मिळते? जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने दरात ३४ टक्के वाढ ठरवली. टनाला २७४ रुपये होते ते ३६७ झाले, आणि मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. करार तीन हंगामांसाठी होता. ३४ टक्के हा आकडा मोठा वाटतो, पण त्याआधीची वाढ २०२० मध्ये झाली होती, म्हणजे मधल्या तीन वर्षांत किराणा, तेल, औषधे महागत गेली आणि मजुरी जागच्या जागी राहिली. नवा दर ठरल्यावरही पुढची तीन वर्षे तेच होणार हे करारातच लिहिलेले असते.

आता हिशेब मांडून पाहू. दिवसाला दोन टन आणि हंगामात कामाचे १२० दिवस धरले तर कोयता २४० टन ऊस तोडतो. ३६७ रुपयांप्रमाणे ८८,०८० रुपये होतात. दोघांची पाच महिन्यांची मजुरी ती एवढी. दिवसाला माणशी ३६७ रुपये पडतात, आणि दिवस आठ तासांचा नसतो. हंगाम लांबला तर यात भर पडते. पण २०२४-२५ सारख्या वर्षी, ऊस कमी असल्याने राज्यातल्या अनेक कारखान्यांचे गाळप लवकर आटोपले तेव्हा, १२० दिवसही भरत नाहीत. वाढे चारा म्हणून विकून चार पैसे सुटतात. त्यावर फडाकडचा भाजीपाला आणि मुलांचा खाऊ निघतो.

हे ८८,०८० रुपये हंगामाच्या शेवटी हातात पडत असते तरी गोष्ट वेगळी झाली असती. ते आधीच खर्च झालेले असतात. पावसाळ्यात घर सर्वांत ओढीचे असते. गेल्या हंगामाचे पैसे संपलेले, नवे पीक यायचे असते, बियाणे-खते उधारीवर घेतलेली, शाळा सुरू होऊन वह्या-दप्तराचा खर्च डोक्यावर, आणि त्याच ओल्या दिवसांत दुखणीही जास्त. नेमक्या याच काळात मुकादम उचल देतो. उचल म्हणजे येत्या हंगामाच्या मजुरीतली आगाऊ रक्कम. कोयत्याला ती पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि काही वेळा त्याहून जास्त असते. मुकादमाला हे पैसे कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मिळतात, कमी पडले तर तो स्वतः व्याजाने उचलतो. कामगाराच्या हाताला एकरकमी एवढा पैसा दुसरीकडून कुठूनही लागत नाही. बँक देत नाही, सोसायटी सातबाऱ्याशिवाय उभे करत नाही. म्हणून लग्न असो, ऑपरेशन असो की घरावर पत्रे टाकायचे असोत, पहिली आठवण उचलीचीच होते.

समजा एका जोडप्याने लाख रुपये उचल घेतली. फडावर असताना पोटापाण्यासाठी मुकादम आठवड्याला खर्ची देतो. ती आठशे रुपये धरली तर वीस आठवड्यांत १६,००० होतात आणि वहीत उचलीखालीच मांडले जातात. एकूण नावे १,१६,०००, जमा ८८,०८०. पट्टा पडल्यावर जोडपे गावी परतते ते २७,९२० रुपये अंगावर घेऊन. आजारपणाने खाडा झाला तर तेवढी मजुरी बुडते आणि बऱ्याच टोळ्यांत वर दंडही बसतो, म्हणजे बाकी आणखी वाढते. ही बाकी फेडायची म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचे, आणि घर चालवायचे म्हणून वर नवी उचल घ्यायची. दर पसंत नाही म्हणून दुसरे काम बघायची मोकळीक या हिशेबात उरत नाही. कमी मजुरी आणि आगाऊ कर्ज ही दोन वेगळी संकटे आहेत असे मानण्याची चूक धोरण आखणारे वारंवार करतात. इथे पहिल्यातून दुसरे जन्मते आणि दुसरे पहिल्याला वर सरकू देत नाही.

उरलेल्या सहा-सात महिन्यांत गावात मिळेल ते काम करायचे. खुरपणी, फवारणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, बाकीची रोजाने, आणि बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. एखादा गुढीपाडव्याला सालाने राहतो. गावातच राहणाऱ्यांची आणखी एक पायरी आहे, ती सरकारी मानधनावर काम करणाऱ्यांची. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत तेही १,५०० होते. शेतीच्या कामावर भरवसा ठेवावा तर पाऊस आडवा येतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात कापूस-सोयाबीन पाण्यात गेले. त्या नुकसानीचे पंचनामे शेतकऱ्याच्या नावाने झाले, पण पीकच नाही म्हटल्यावर वेचणी-काढणीचा जो रोज बुडाला त्याचा पंचनामा होत नाही.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाव शतकाने, २००५ मध्ये आला. या केंद्रीय योजनेत २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा रोज ३१२ रुपये होता. तलवाड्यासारख्या पट्ट्यात उन्हाळ्यात पुरेसे काम वेळेवर निघाले आणि मजुरी पंधरा दिवसांत खात्यावर आली, तर पावसाळ्यातल्या उचलीचा आकडा नक्की खाली येईल. ऊसतोडीचे जोडपे गावात असते ते नेमके याच महिन्यांत.

या जोडप्याला बाकीच्या महिन्यांत प्रत्येकी ६० दिवस काम मिळाले आणि रोज ३१२ रुपयेच धरला, तर ३७,४४० रुपये होतात. ऊसतोडीचे मिळवून वर्षाचे १,२५,५२०, म्हणजे महिन्याला १०,४६०. घरात दोघे, दोन मुले आणि म्हातारी आई अशी पाच माणसे असतील तर डोई २,०९२ रुपये. केंद्राच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, आणि ग्रामीण भागातल्या सर्वांत तळच्या पाच टक्क्यांचा १,६७७. वर्षभर राबणाऱ्या दोन धडधाकट माणसांचे हे घर सरासरीच्या निम्म्यावर आणि अगदी तळाच्या थोडे वर उभे राहते.

खर्चाची बाजू पाहिली की ओढ नेमकी कुठे लागते ते कळते. उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले होते. वरच्या पाहणीत ग्रामीण भारतात हा वाटा सरासरी ४७ टक्के आहे. मजुराच्या घरात तो त्याहून बराच जास्त असतो. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. पाच जणांच्या घराला पंचवीस किलो. अंगमेहनतीच्या घराला महिन्याला पन्नास-साठ किलो धान्य सहज लागते, आणि या भागात खाल्ली जाते ती ज्वारी-बाजरीची भाकरी. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. म्हणजे अर्ध्याहून जास्त धान्य बाजारातूनच आणावे लागते. तरीही हे पंचवीस किलो निघून गेले तर घर उपाशी राहील, इतका त्याचा आधार आहे.

धान्यानंतर तेल. खाद्यतेल आयातीवर अवलंबून असल्याने त्याचा भाव गावात ठरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले. सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा हेतू होता आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची ती मागणीही होती. पण त्या पाठोपाठ किराणा दुकानातल्या तेलाची पिशवी महागली. मे २०२५ मध्ये शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले. ज्या घरात दोन एकर सोयाबीन आहे त्याला एका हाताने मिळाले तर दुसऱ्या हाताने गेले. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचे फक्त गेले.

त्यातही गरीब माणूस तीच वस्तू महाग घेतो. पंधरा किलोचा डबा घेतला तर तेल स्वस्त पडते, पण डब्याचे पैसे एकदम लागतात. रोजावर जगणारी बाई पाव किलो तेल, दहा रुपयांची चहापत्ती, पाच रुपयांचे तिखट असे घेते. किलोचा भाव काढला तर तिने डबा घेणाऱ्यापेक्षा जास्त मोजलेले असतात. उधारीवर घेतले तर भावात घासाघीस करता येत नाही आणि दुकान बदलता येत नाही. गॅसचेही तसेच. सिलिंडर भरून आणायला साडेआठशे-नऊशे रुपये हातात असावे लागतात. दोन टन तोडणाऱ्या कोयत्याची दिवसाची मजुरी ७३४ रुपये. उज्ज्वला योजनेचे ३०० रुपये खात्यात येतात ते सिलिंडर घेतल्यानंतर. म्हणून गॅस घरात असूनही रोजचा स्वयंपाक सरपणावर होतो आणि सिलिंडर पाहुण्यांसाठी, पावसाळ्यासाठी राखून ठेवला जातो.

स्थलांतरित घराला वर आणखी एक खर्च असतो, दोन चुलींचा. म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले गावात, कर्ती माणसे फडावर. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत धान्य परगावी घेता येते, पण फड दर काही दिवसांनी हलतो आणि दुकान लांब राहते. एक खाडा टाकून धान्य आणायला जावे तर तेवढ्या धान्याच्या किमतीइतकी मजुरी बुडते.

पैशाची ही तूट कुठेतरी भरून काढावीच लागते, आणि ती बहुतेक वेळा शरीरातून काढली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला. जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती सरकारनेच दिली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. फडात संडास नाही, पाण्याची सोय नाही, पाळीतही डोक्यावर मोळी घेऊन फळी चढायची, दुखणे अंगावर काढायचे कारण खाडा परवडत नाही. अशा वेळी दर महिन्याचा त्रास एकदाचा संपवून टाकण्याचा सल्ला मिळाला तर तो पटतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच होतो आणि अकाली आलेल्या अशक्तपणामुळे पुढच्या हंगामात टन कमी भरतात. मजुरी कमी पडते म्हणजे काय, हे आकड्यांपेक्षा या बायकांच्या कंबरदुखीतून अधिक स्पष्ट कळते. आणि एवढे करूनही मजुरी जमा होते ती कोयत्याच्या खात्यावर, बहुधा नवऱ्याच्या नावाने. निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव वहीत नसते.

मुलींच्या लग्नाचाही या हिशेबाशी संबंध आहे. वयात आलेली मुलगी फडावर कोपीत ठेवणे धोक्याचे आणि गावात एकटी ठेवणेही धोक्याचे, म्हणून आईबाप लग्न उरकून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले.

गेल्या काही वर्षांत गावोगाव मायक्रोफायनान्सची कर्जे आली आहेत. गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहतात आणि हप्ता ठरल्या दिवशी भरावा लागतो. सावकारापेक्षा व्याज कमी, कागद स्वच्छ. पण मजुरी हंगामी आणि हप्ता मात्र आठवड्याचा किंवा महिन्याचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार अशा घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. महिना १०,४६० रुपये मिळवणाऱ्या घराला ही मर्यादा लावली तर ५,२३० रुपये हप्त्यात जाऊ शकतात आणि उरलेल्या ५,२३० मध्ये पाच माणसे जगायची. नियम पाळूनही घर बुडते, कारण या कर्जांसाठी पात्र घरांत थोडे बरे उत्पन्न असो की तुटपुंजी मजुरी, पन्नास टक्क्यांची मर्यादा सारखीच लावली आहे. हप्ता चुकू नये म्हणून मुकादमाकडून थोडी उचल आणि उचल पुरत नाही म्हणून गटाचे कर्ज, असे दोन्हीकडचे ओझे एकाच घरावर येते.

मग पुरेशी मजुरी म्हणजे किती? हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. नुसते शरीर टिकवण्यापुरतेही उत्पन्न नसलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरचा कर्ता नियमित कामावर जाणारा होता, फक्त त्याची मजुरी कमी होती. गरिबी आळसातून येते हा समज त्या पाहणीने मोडून काढला. महाराष्ट्रात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास मांडला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाची त्यांनी काढलेली रेषा खेड्यात १९६०-६१ च्या भावाने महिन्याला माणशी १५ रुपये होती, आणि खेड्यातली सुमारे चाळीस टक्के माणसे तिच्याखाली होती. एवढ्या मोठ्या संख्येला भीक किंवा मदत पुरणार नाही, काम द्यावे लागेल, हा त्यांचा निष्कर्ष रोजगार हमीच्या विचाराला बळ देणारा ठरला.

मजुरीचे माप मात्र त्याही आधी ठरले आहे. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांनी मिळून सांगितले की किमान वेतन घराच्या गरजेवरून काढावे. एका कमावत्यावर, त्याच्यासकट, तीन प्रौढांइतका खप धरावा, डॉ. आयक्रॉइड यांनी सांगितलेला प्रौढ माणशी २,७०० उष्मांकांचा आहार धरावा, घराला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने आहाराचे माप बदलून, जुलै २०१८ च्या भावाने, देशासाठी दिवसाला किमान ३७५ रुपये सुचवले. त्याच वर्षी केंद्राने जाहीर केलेली देशव्यापी तळरेषा होती १७८ रुपये.

सत्पथी समितीचा आकडा तलवाड्याच्या जोडप्याशी ताडून पाहावा. ३७५ रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे ९,७५० रुपये एका कमावत्याने महिन्याला मिळवावेत, तेही २०१८ च्या भावाने. ऊसतोडीचे ८८,०८० रुपये वर्षावर पसरले तर महिन्याला ७,३४० होतात. दोघांनी मिळून, आजच्या भावात.

कायदा याबाबत गप्प नाही. घटनेच्या ४३ व्या कलमात कामगाराला निर्वाह वेतन मिळावे असे राज्याला सांगितले आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड खटल्यात आणि १९८३ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच आहे, मग मजूर स्वतःहून आला असला तरी. वेतन संहिता २०१९ आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून केंद्राने ठरवलेल्या तळरेषेखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. अडचण अंमलबजावणीत आहे, आणि तिचे मूळ मालक कोण या प्रश्नात आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम जोडप्याशी तोंडी. फडात विजेचा धक्का बसला, गाडी उलटली, तर जबाबदार कोण हे ठरवण्यातच महिने जातात. मजुरी टनावर असल्याने कामाचे तास मोजले जात नाहीत, आणि तास मोजल्याशिवाय किमान वेतन मिळाले की नाही हे कळत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढीच रक्कम राज्याकडून असे ठरले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर झाली. मुलगी वसतिगृहात सुरक्षित राहिली तर तिची शाळा आणि लग्नाचे वय दोन्ही टिकतात, म्हणून या एका योजनेचा पैसा सर्वांत आधी खर्च व्हायला हवा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. वर्षाला १८,००० रुपये म्हणजे ४९ टन ऊस तोडण्याची मजुरी, कोयत्याचे जवळपास पंचवीस दिवस. ऊसतोड घरातल्या बाईच्या नावावर, वेळेवर, दर महिन्याला आलेला हा बहुधा पहिलाच पैसा. त्याचा आधार खरा आहे. पण मजुरीतली तूट सरकारी खात्यातून भरली गेली की ज्याने मजुरी द्यायची तो सुटतो. स्वस्त मजुरीचा फायदा साखरेच्या धंद्याला आणि तिची भरपाई करदात्याला, असा त्याचा अर्थ होतो.

यांत्रिक तोडणीही दारात आली आहे. हार्वेस्टर घेण्यासाठी सरकार किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदान देते. कष्टाचे काम यंत्राने करावे याला कोणाचा विरोध असू नये. मात्र ज्या घराची निम्म्याहून अधिक कमाई कोयत्यावर आहे त्या घरासाठी दुसरे काम उभे करण्याला अशी रक्कम ठेवलेली नाही.

जानेवारी २०२४ च्या कराराची मुदत २०२५-२६ च्या हंगामाबरोबर संपते. पुढचा दर ठरवताना बोलणी पुन्हा टक्क्यांवर होतील, इतके मागायचे, इतके द्यायचे, मधे कुठेतरी तडजोड. कामगार संघटनांनी या वेळी टक्क्यांऐवजी घराचा ताळा टेबलावर मांडावा. १९५७ चे माप घ्यावे, त्यात आजचे ज्वारीचे, तेलाचे, औषधांचे भाव भरावेत, दोन माणसांचे दोन पगार काढावेत, आणि दिवसाला दोन टन धरून टनाचा दर किती यायला हवा ते लेखी सांगावे. ठरलेला दर महागाई निर्देशांकाप्रमाणे दर हंगामाला वाढावा, बाईची मजुरी तिच्या खात्यावर जमा व्हावी, आणि उचलीची नोंद कारखान्याकडे राहावी. यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही.